तोच प्रोग्राम की दुसरा?

लेगसी कोडचे आधुनिकीकरण म्हणजे लोकांच्या रोजच्या वापरातला जुना प्रोग्राम, त्याचे काम खंडित न करता, नव्या भाषेत, नव्या यंत्रांवर किंवा नव्या रचनेत नेणे. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांच्याकडे १९७० आणि १९८०च्या दशकांत कोबोल या भाषेत लिहिलेले प्रोग्राम आजही चालू आहेत. कोविडच्या पहिल्या लाटेत बेरोजगारभत्त्याच्या अर्जांची रीघ लागली, तेव्हा एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर साद घालावी लागली. असे प्रोग्राम लिहिणारी पिढी बरीचशी निवृत्त झाली आहे, म्हणून हे काम पुष्कळदा बाहेरून बोलावलेल्या फ्रीलान्स इंजिनियरच्या वाट्याला येते. काम पुरे होईपर्यंत मूळ कोडची एक ओळही शिल्लक न राहणे अगदी शक्य असते. तरीही मालक, कर्मचारी आणि ग्राहक तिघेही म्हणतात, सिस्टिम तीच आहे, फक्त नवी केली. हे ‘तीच’ कशाच्या बळावर म्हणायचे, हा तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न आहे. इंजिनियरला तो टाळता येत नाही, कारण काय जपायचे हे ठरल्याशिवाय काय मोडता येईल हे ठरत नाही.

पाश्चात्त्य परंपरेत या प्रश्नाचे प्रसिद्ध रूप प्लुटार्कने लिहिलेल्या थिसिअसच्या चरित्रात आहे. अथेन्सचे लोक थिसिअसचे जहाज जपत होते. कुजलेली फळी काढायची, तिच्या जागी नवी ठोकायची, असे करता करता ते जहाज तेच राहिले की नाही यावर तत्त्वज्ञांचे दोन तट पडले. थॉमस हॉब्जने १६५५मध्ये त्यात आणखी एक पेच घातला: काढलेल्या फळ्या कुणी गोळा करून पूर्वीच्याच क्रमाने जोडल्या, तर दोन जहाजांपैकी खरे कोणते? हॉब्जच्या हातात ती निव्वळ कल्पना होती. सॉफ्टवेअरच्या धंद्यात मात्र ती नेहमीची कार्यपद्धती आहे. जुनी आणि नवी सिस्टिम काही काळ शेजारी शेजारी चालवतात, एकाच दिवसाचे व्यवहार दोन्हींत घालतात आणि निघालेले आकडे ताडून पाहतात. त्या काळात एकाच बँकेच्या दोन खातेवह्या अस्तित्वात असतात. खरी कोणती, हे फळ्यांवरून ठरत नाही. ज्या खातेवहीतला आकडा ग्राहकाच्या पासबुकावर उमटतो ती खरी. लोक जिच्या भरवशावर वागतात ती खरी, असे हे व्यवहाराने दिलेले उत्तर आहे, आणि पुढच्या सगळ्या विवेचनात ते उपयोगी पडते.

नावावरून काही ठरते का, हे पाहायला लिब्रेऑफिसचे उदाहरण पुरे आहे. २०१०मध्ये ओपनऑफिस या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरच्या कर्त्या मंडळींपैकी अनेकांनी लिब्रेऑफिस या नावाने वेगळी चूल मांडली. जुने नाव ओरॅकल कंपनीकडे राहिले, कोड दोघांकडे राहिला, आणि पुढे बहुतेक लिनक्स वितरणांनी लिब्रेऑफिस स्वीकारले. कायद्याच्या दृष्टीने वारस एक, वापरणाऱ्यांच्या दृष्टीने दुसरा.

भारतीय वाचकाला एक उत्तर आयते सुचते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त इतका अंगवळणी पडला आहे, की प्रोग्रामची भाषा हे वस्त्र आणि तिच्यातला व्यवहाराचा नियम हा देही, असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटते. नियम शाश्वत, भाषा बदलती. कोबोलमधून जावात जाणाऱ्या कुणालाही हे उत्तर पहिल्याच आठवड्यात सोडून द्यावे लागते. कोबोलमध्ये रक्कम दशमान पद्धतीने, दशांशचिन्हापुढे किती अंक हे आधी ठरवून साठवतात, आणि वेगळी सूचना नसेल तर जादा अंक जवळच्या आकड्यात न आणता सरळ छाटला जातो. जावातला ‘डबल’ हा आकड्याचा प्रकार द्विमान आहे. त्यात ०.१ ही साधी संख्याही नेमकी मांडता येत नाही. व्याजाचे तेच सूत्र दोन्ही भाषांत हुबेहूब उतरवले तरी उत्तरात पैशांचा फरक पडू शकतो, आणि लाखो खात्यांवर तो साचत जातो. छाटण्याचा नियम कोणत्याही परिपत्रकात नसेल. तो भाषेच्या स्वभावातून आला आणि वापराने बँकेचा नियम होऊन बसला. अनुक्रमाचेही असेच. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरच्या एबसिडिक या वर्णसंकेतात अक्षरे आधी येतात आणि अंक नंतर. आस्कीत नेमके उलटे. यंत्र बदलले की याद्यांचा क्रम फिरतो, आणि त्या क्रमावर विसंबणारे पुढचे कामही बिघडते. तेव्हा इथे देह आणि देही इतके सुटे नाहीत. जुन्या देहाने जे न बोलता पाळले ते नव्यात उघड शब्दांत लिहावे लागते. जावात त्यासाठी दशमान संख्यांचा वेगळा प्रकार आहे, पण छाटायचे की जवळच्या आकड्यात आणायचे हा निर्णय लिहिणाऱ्याने घ्यायचा असतो. आधुनिकीकरणाच्या कौशल्याचा मोठा भाग हाच: मुकेपणाने पाळले गेलेले नियम ओळखून त्यांना वाचा देणे.

धर्मव्यवहाराने या प्रश्नाकडे तत्त्वज्ञांपेक्षा अधिक बारकाईने पाहिलेले दिसते, कदाचित प्रत्यक्ष काम करावे लागले म्हणून. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी आहे. जीर्ण मूर्तीचे विसर्जन करून त्याच मापाची आणि त्याच द्रव्याची नवी मूर्ती बसवावी, असा त्याचा रोख आहे. दक्षिणेतल्या आगमपरंपरेत मंदिराची दुरुस्ती चालू असताना देवतेची कला जलपूर्ण कुंभात आकर्षून घेतात, ‘बालालय’ नावाच्या तात्पुरत्या देवळात पूजा चालू ठेवतात आणि शेवटी कुंभाभिषेकाने ती मूळ जागी आणतात. यात भर आहे तो पूजा खंडित न होण्यावर. पुरीच्या नवकलेवरात रीत आणखी निराळी आहे. अधिक आषाढ येणाऱ्या ठरावीक वर्षांत, अलीकडे १९९६ आणि २०१५मध्ये, जगन्नाथाच्या कडुनिंबाच्या नव्या मूर्ती घडवल्या गेल्या. जुन्या मूर्तीतला ‘ब्रह्मपदार्थ’ रात्रीच्या अंधारात, डोळे बांधलेल्या सेवकांच्या हातून नव्या मूर्तीत जातो आणि जुन्या मूर्ती कोइली वैकुंठात पुरल्या जातात. म्हणजे तीन विधींत ‘तेच’पणाचे तीन निकष आहेत: माप आणि द्रव्य, सेवेचे सातत्य, आणि आत दडलेले काहीतरी जे एका देहातून दुसऱ्यात जाते.

सॉफ्टवेअरच्या लोकांना तिसरा निकष फार प्रिय आहे. कोड येतो आणि जातो, डेटा राहतो, असे ते म्हणतात. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८मध्ये एका शनिवार-रविवारी लाखो ग्राहकांचा डेटा नव्या सिस्टिमवर नेला. नियामकांच्या निष्कर्षानुसार डेटा व्यवस्थित पोहोचला होता. तरीही सोमवारी ग्राहकांना आपल्या खात्यांपर्यंत पोहोचता येईना, घडी बसायला डिसेंबर उजाडला, आणि २०२२मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. खात्यातली शिल्लक अचूक, पण ती मिळेना. गाभा जशाच्या तसा पोहोचला म्हणजे सिस्टिम तीच राहिली, हा समज त्या आठवड्यात टिकला नाही. आगमाचा निकष, सेवा खंडित न होण्याचा, इथे जास्त खरा ठरतो. मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअर-तज्ज्ञाने २००४मध्ये मांडलेली पद्धत याच विचारावर उभी आहे. ऑस्ट्रेलियाच्या जंगलात दुसऱ्या झाडाला वेढून वाढणारे वडाच्या जातीचे वृक्ष पाहून त्याला ती सुचली. जुन्या सिस्टिमभोवती नवी हळूहळू वाढवायची, एकेक काम तिच्याकडे वळवायचे आणि जुनीला शेवटी निकामी होऊ द्यायचे.

सेवा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न यानंतर येतो आणि तो सर्वांत अवघड आहे. सेवा म्हणजे वर्तन: अमुक दिले की तमुक मिळते. मायकेल फेदर्स या सॉफ्टवेअर-तज्ज्ञाने २००४च्या आपल्या पुस्तकात लेगसी कोडची व्याख्याच अशी केली, की ज्याला टेस्ट, म्हणजे त्याचे वर्तन आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम, नाहीत तो. वय किंवा भाषा त्याने गौण मानली. अशा कोडला हात लावण्यापूर्वी त्याच्या सध्याच्या वर्तनाची नोंद करणाऱ्या टेस्ट लिहाव्यात असे तो सांगतो. कोडने काय करायला हवे हे त्या तपासत नाहीत. तो काय करतो एवढेच टिपतात, चुकांसकट. काही काळ न्यायनिवाडा बाजूला ठेवण्याची ही शिस्त आहे आणि हुशार माणसाला ती जड जाते. चूक दिसली की हात शिवशिवतात.

चूक म्हणून जन्मलेली गोष्टही जबाबदारी होऊ शकते, याचा चांगला दाखला लोटस १-२-३ या तक्त्यांच्या १९८३च्या प्रोग्रामने ठेवला आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, कारण त्याला १००ने भाग जातो आणि ४००ने जात नाही. लोटसने मात्र ते लीप वर्ष धरले. पुढे मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये हीच चूक जाणूनबुजून ठेवली, कारण लोटसच्या फाइली वापरणाऱ्यांचे तारखांचे हिशेब जुळायला हवे होते. म्हणून एक्सेलमध्ये आजही २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख आहे. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट या अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच व्यापक शब्दांत सांगतो: वापरणारे पुरेसे असले की प्रोग्रामच्या प्रत्येक दृश्य वर्तनावर कुणी ना कुणी विसंबलेले असते, लिखित करारात काहीही असो. वर्तन म्हणजेच सिस्टिम असे मानले तर काहीच बदलता येणार नाही. ती थोडी वेगवान झाली तरी वर्तन बदललेच.

म्हणजे वर्तनातही निवड करावी लागते. ही निवड कशी करायची याचा सर्वांत प्रगल्भ अनुभव संगणकशास्त्राबाहेर, पाठचिकित्सेत साठलेला आहे. ज्ञानेश्वरीत नकलाकारांच्या हातून शिरलेले पाठभेद दूर करून एकनाथांनी १५८४मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, तिच्या पद्धतीचा पाया वि. स. सुखटणकर यांनी घातला. शेकडो हस्तलिखिते ताडून पाहताना त्यांचा कल पाठ सुधारण्यापेक्षा आहे त्या पाठाचा अर्थ लावण्याकडे होता. दोन पाठांत एक सोपा आणि एक अवघड असेल तर अवघड पाठ जुना असण्याचा संभव जास्त, हे पाठचिकित्सेचे एक मान्य सूत्र आहे. नकलाकार अवघडाचे सोपे करतो. सोप्याचे अवघड सहसा कुणी करत नाही. जुन्या कोडमध्ये एखाद्याच शाखेसाठी किंवा वर्षातल्या एकाच दिवसासाठी टाकलेली विचित्र अट दिसली तर तिच्याबद्दलही हेच मानावे लागते. विनाकारण अशी अट लिहिण्याचे कष्ट कुणी घेत नाही.

इथपर्यंत साम्य आहे. पुढे दोघांचे रस्ते फुटतात, आणि हा फरक सहसा लक्षात घेतला जात नाही. पाठचिकित्सकाला उगमाकडे जायचे असते, म्हणून उत्तरकालीन भर तो तळटिपांत किंवा परिशिष्टांत काढून ठेवतो. इंजिनियरसाठी मूळ आराखडा बहुधा कमी महत्त्वाचा आणि मागाहून लावलेली ठिगळेच मोलाची असतात. ग्राहकांच्या तक्रारी, बदललेले कायदे, एखाद्या मार्चअखेरीला उडालेला गोंधळ, हे सगळे त्या ठिगळांत नोंदलेले असते. जोएल स्पोल्स्की या सॉफ्टवेअर-लेखकाने २००० साली नेटस्केपवर टीका केली ती याच मुद्द्यावर. त्या कंपनीने ब्राउझरचा कोड मुळापासून नव्याने लिहायला घेतला, पाचवी आवृत्ती कधी आलीच नाही, आणि चौथीनंतर सहावी यायला तीन वर्षांहून जास्त काळ गेला. तेवढ्यात बाजार हातचा गेला.

याच्या नेमके उलट मत पीटर नाउर या डॅनिश शास्त्रज्ञाने १९८५मध्ये मांडले होते. त्याच्या मते प्रोग्राम मुळात कागदावर नसतोच. तो लिहिणाऱ्यांच्या मनातल्या समजुतीत असतो. काय का केले, काय मुद्दाम टाळले, नवी मागणी आली तर ती कुठे बसेल, हे ज्यांना उमगलेले असते ती मंडळी पांगली की प्रोग्राम मेला, भले यंत्रावर तो चालत राहो. केवळ कोड आणि दस्तऐवजांवरून ती समजूत पुन्हा उभी करता येत नाही. त्यापेक्षा नव्या चमूला तोच प्रश्न नव्याने सोडवू द्यावा. नाउर आणि स्पोल्स्की दोघेही अर्धे बरोबर आहेत. समजूत माणसांतच राहते हे नाउरचे म्हणणे खरे, पण सगळी माणसे कोड लिहिणारी नसतात. पंचवीस वर्षे त्या प्रोग्रामच्या पडद्यावर काम केलेल्या कारकुनाला कोणता आकडा कधी खोटा येतो हे पाठ असते. चांगला इंजिनियर कोड वाचण्याइतकाच वेळ अशा माणसांशी बोलण्यात घालवतो. बदलांची नोंदवही असली तर मदत होते, पण तीही अर्धवटच. खुद्द लिनक्सचा मूळ गाभा एप्रिल २००५मध्ये गिट या बदल नोंदवणाऱ्या प्रणालीवर आला तेव्हा आधीचा इतिहास त्यात घेतला गेला नाही. व्यक्तीचा ‘तो’पणा स्मृतीवर अवलंबून असतो असे जॉन लॉक म्हणत असे. त्या मापाने मोजले तर १९९१चा लिनक्स आणि आजचा लिनक्स वेगळे ठरतील. तसे कुणी म्हणत नाही.

या गुंत्यातून वाट दाखवणारा विचार मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात सापडतो. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, आणि भिक्षू नागसेन यांचा तो संवाद आहे. त्यातला रथ सर्वांना ठाऊक आहे: आस रथ नव्हे, चाक रथ नव्हे, जू रथ नव्हे, या सगळ्यांच्या जुळणीला ‘रथ’ हे नाव. रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टान्तही त्यातलाच. पहिल्या आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही. पण सॉफ्टवेअरला जवळचा आहे तो आंबेचोराचा दृष्टान्त. चोर म्हणतो, मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी नेले ते आंबे वेगळे. राजा त्याला सोडत नाही, कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यापासूनच आले. नागसेनाच्या लेखी ‘तोच की दुसरा’ हा प्रश्न वस्तूच्या घटनेबद्दल राहत नाही, जबाबदारीबद्दल होतो. सातत्य मानायचे ते देणे चुकवता येऊ नये म्हणून.

नव्या सिस्टिमचे ‘तेच’पण याच जागी शोधावे लागते. १९९०मध्ये जुन्या सिस्टिमने कुणाच्या ठेवीवर जे व्याज कबूल केले ते नवीला देणे आहे, आणि तेव्हाचे कर्ज नवीला येणे आहे. जी पूर्वीची वचने निभावते ती तीच सिस्टिम, मग तिची भाषा, यंत्रे आणि ओळन्‌ओळ बदललेली असो. जी एखादे वचन गाळते ती तेवढ्यापुरती दुसरी. वर्तनात निवड कशी करायची याचेही उत्तर यात आहे: ज्या वर्तनावर कुणी रास्तपणे विसंबले आहे ते वचन, बाकीचा केवळ योगायोग. कोणते वर्तन कशात मोडते हे यंत्र सांगू शकत नाही.

अजाणता टाकणे आणि अजाणता ठेवणे या दोन्ही चुका महाग पडतात. एरिअन ५ हे युरोपीय रॉकेट ४ जून १९९६ रोजी सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. एरिअन ४मधून घेतलेला एक हिशेब त्यात उड्डाणानंतरही चालू राहिला होता. नव्या रॉकेटला त्याचा उपयोग नव्हता, आणि त्याच्या वेगामुळे आलेला मोठा आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली कंपनीत २००३पासून वापरात नसलेला एक कोड तसाच पडून होता. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला, १ ऑगस्ट २०१२ रोजी जुना जागा झाला, आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गमावली. निरुपयोगी कोड निरुपद्रवी असतो असे नाही.

फ्रीलान्स इंजिनियरची नैतिक अडचण अशी, की वचने त्याने दिलेली नसतात, पण ती मोडण्याची शक्ती काही महिने त्याच्या हातात असते. तासांवर मोबदला असेल तर सगळे नव्याने लिहिण्यात त्याचा फायदा असतो. समजूत स्वतःपाशी ठेवली तर पुन्हा बोलावणे येण्याची खात्री असते. परक्याच्या कामात आपली ओवी घालण्याचा मोहही असतोच. त्याला निष्काम कर्माचा उपदेश करणारे भेटतात, पण फळावर हक्क नाही याचा अर्थ फळाची काळजी नाही असा घेतला तर तो इथे घातक ठरतो, कारण फळ भोगणारे दुसरेच असतात. गीतेतलाच आधार हवा असेल तर तिसऱ्या अध्यायातला लोकसंग्रहाचा विचार या कामाला अधिक लागू पडतो. सापडलेले प्रत्येक मुके वचन टेस्टमध्ये आणि साध्या भाषेतल्या टिपणात उतरवणे, मालकाच्या माणसांना ते समजेपर्यंत सोबत बसणे, हा कामाचाच भाग मानावा लागतो.

चुकीच्या वचनाचे काय, हा प्रश्न उरतो. लिब्रेऑफिसच्या तक्त्यांत १९००च्या तारखेवर शहाणा तोडगा आहे. दिवसांची मोजणी ३० डिसेंबर १८९९पासून धरल्यामुळे १ मार्च १९००पासूनचे सगळे आकडे एक्सेलशी जुळतात आणि न उगवलेला दिवसही मानावा लागत नाही. मतभेद उरतो तो त्याआधीच्या दोन महिन्यांपुरता, जिथे विसंबणारे फारसे कुणी नाही. पैशाच्या बाबतीत अशी पळवाट क्वचितच मिळते. जुनी सिस्टिम वर्षानुवर्षे ग्राहकांकडून थोडे जास्त कापत आली असेल, तर ते वर्तन गुपचूप जपणे म्हणजे अन्याय पुढे चालवणे, आणि गुपचूप सुधारणे म्हणजे मागचा अन्याय झाकणे. इंजिनियरने दोन्ही करू नये. आढळलेली गोष्ट, तिची सुरुवात आणि तिची झळ बसलेली खाती मालकाला लेखी कळवावीत. परतफेडीचा निर्णय मालकाचा, आणि कायदा लागू असेल तिथे नियामकाचा. गप्प राहण्याची अट घातली गेली, तर काम सोडण्याचे स्वातंत्र्य पगारी नोकरापेक्षा त्याला अधिक असते.